साखर सोडणाऱ्या बायका

मी सातवी शिकलेली. पण वाचले ते सांगावेसे वाटते.

पूर्वी इंग्लंडात चहात पडणारी साखर वेस्ट इंडीज बेटांवरच्या आफ्रिकी गुलामांच्या घामाची असे. बायबलातही गुलाम आहेत, मग पाप कसले, असे मळेवाले म्हणत. बार्बाडोस बेटावर तर एका धर्मप्रसारक संस्थेचाच उसाचा मळा होता! उलट क्वेकर पंथाचे ख्रिस्ती म्हणत, प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे, त्याला विकायचे कसे?

१८०७ साली गुलामांचा व्यापार बंद झाला, गुलामी राहिली. ती हळूहळू घालवू, असे पुढारी म्हणत. लेस्टर गावच्या एलिझाबेथ हेरिक या क्वेकर बाईंनी १८२४ साली पुस्तिका काढून बजावले की, ताबडतोब घालवा. घरोघर हिंडून त्यांनी ती साखर सोडायला सांगितले. बायकांना मत नव्हते, पण साखरेचा डबा त्यांच्याच हाती होता! १८३० साली बर्मिंगहॅमच्या महिलांनी वर्गणी थांबवू म्हणताच मुख्य संस्थेने 'हळूहळू' हा शब्द गाळला.

१८३१ साली हेरिकबाई वारल्या. १८३३ साली कायदा झाला. मालकांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली, गुलामांना छदामही नाही.

धर्मग्रंथ दोघांचा एकच होता. पोथी उघडताना मला आता हे आठवते.