फावल्या वेळचा उद्योग

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, तुमच्या मोबाइलच्या पोटात काय चालतं माहीत आहे?" मी मराठी घेऊन बी.ए. झालेला मास्तर, मला काय ठाऊक! मग त्याने लिनक्सची गोष्ट सांगितली. नंतर मी स्वतःही थोडं वाचलं.

साल १९९१, गाव हेलसिंकी. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने हप्त्यांवर ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला होता. संगणकाची गोडी त्याला आजोबांमुळेच लागली. ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक.

त्याने आधी एवढंच जमवलं: एक काम पडद्यावर 'ए' छापणार, दुसरं 'बी', आणि दोन्ही आळीपाळीने चालणार. आपल्या शाळेत घंटा झाली की गणिताचे सर बाहेर आणि इतिहासाचे आत, तसंच. हे वेळापत्रक सांभाळणारा गाभा म्हणजे कर्नल. मग फाइल साठवायची गरज पडली, म्हणून डिस्कशी बोलणारा भाग लिहिला. असं वाढत गेलं. २५ ऑगस्टला त्याने लोकांना कळवलं, की हा निव्वळ छंद आहे, फार मोठं काही होणार नाही. सप्टेंबरात पहिली आवृत्ती आली, सुमारे १०,००० ओळींची.

मला मात्र गंमत वाटली ती ॲमस्टरडॅमच्या टॅनेनबाम सरांची. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी त्यांनी मिनिक्स ही प्रणाली लिहिली, १९८७ साली तिच्यावर पुस्तक काढलं. लिनस शिकला त्यातूनच. आणि १९९२च्या जानेवारीत तेच सर म्हणाले, की ही रचना कालबाह्य आहे, तू माझा विद्यार्थी असतास तर चांगले मार्क मिळाले नसते! पोराने चिडून उत्तर दिलं, मग माफीही मागितली. पण काम सोडलं नाही. आज अँड्रॉइड फोनमध्ये तोच गाभा आहे.

वाचताना मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. मागच्या बाकावर तो जुना रेडिओ खोलून बसायचा. मी तो काढून घेतला आणि वर्षभर कपाटात ठेवला. निकालाच्या दिवशी परत दिला, तर त्याने मुकाट्याने पिशवीत टाकला. उघडूनही पाहिला नाही. टॅनेनबाम सरांनी निदान आधी पुस्तक तरी दिलं होतं. मी काय दिलं?

असो. नातू सध्या स्वतःचा छोटा कर्नल लिहितोय. रविवारी तासन्‌तास खटपट करून पडद्यावर एक अक्षर उमटलं. जेवण गार झालं म्हणून सूनबाई रागावली. मी म्हटलं, "राहू दे गं, मी थांबतो त्याच्यासाठी."