आपत्ती, लवचिकता आणि उत्तरदायित्व : मुंबईतील २००५ च्या जलप्रलयाच्या संदर्भात

प्रस्तावना :
आपत्ती नैसर्गिक असली तरी तिची झळ कोणाला किती बसते, हे बहुतांशी राज्यसंस्थेच्या पूर्वनिर्णयांवर अवलंबून असते. आपत्तिविषयक धोरणात ‘लवचिकता’ ही संकल्पना आज मध्यवर्ती ठरली आहे. तिचा राजकीय अर्थ मुंबईच्या अनुभवाच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पनेचा प्रवास :
परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये स्थैर्य व लवचिकता यांत भेद केला. धक्क्यानंतर पूर्वीच्या समतोलाकडे परतणे म्हणजे स्थैर्य, तर बदल पचवून टिकून राहणे म्हणजे लवचिकता होय. जानेवारी २००५ मध्ये जपानमधील कोबे येथे स्वीकारलेल्या ह्योगो कृती आराखड्याने राष्ट्रे आणि समुदाय यांची लवचिकता वाढविणे हे जागतिक उद्दिष्ट ठरविले.

मुंबईचा अनुभव :
त्यानंतर सहाच महिन्यांनी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पावसाची नोंद झाली. त्याच दुपारी समुद्राला मोठी भरती होती. शहरातील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी सुमारे २५ मि.मी. पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ही क्षमता दुप्पट करण्याची शिफारस ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने १९९३ मध्येच केली होती. परंतु तिची अंमलबजावणी रखडली. भराव व अतिक्रमणे यांमुळे मिठी नदीचे पात्रही आक्रसले होते. मुंबईत चारशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

या काळात अनोळखी माणसांनी परस्परांना आश्रय दिला, अन्न पुरविले. ‘मुंबई स्पिरिट’ म्हणून या वृत्तीचा गौरव झाला व तो उचितच होता. मात्र शहर पूर्ववत झाले, यातच लवचिकतेची सिद्धता मानली गेली. वस्तुतः रोजंदारीवर जगणाऱ्यांसाठी कामावर परतणे ही अपरिहार्यता होती. शिवाय पूर्ववत होणे म्हणजे त्याच अपुऱ्या वाहिन्यांकडे आणि त्याच आक्रसलेल्या नदीकडे परतणे होते. हॉलिंग यांच्या परिभाषेत ते स्थैर्य ठरते, लवचिकता नव्हे.

निष्कर्ष :
पुढे चितळे समितीने कारणमीमांसा केली आणि डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन अधिनियम संमत झाला. आपत्तीस तोंड देणे हे शासनाचे वैधानिक कर्तव्य ठरले, हे या घटनाक्रमाचे महत्त्वाचे फलित होय. तथापि नागरिकांच्या सोशिकतेची स्तुती जेव्हा प्रशासकीय उत्तरदायित्वाची जागा घेते, तेव्हा लवचिकता ही संकल्पना दुर्बलांवरील भारच वाढविते. म्हणून समाज किती सोसतो यापेक्षा त्याला पुन्हा तेच सोसावे लागू नये म्हणून काय बदलले, हाच लवचिकतेचा खरा निकष मानला पाहिजे.