कोरिडोरास : काचपेटीतील एका चिलखती माशाचा इतिहास

घरात काचेची पेटी ठेवून तीत मासे पाळण्याची हौस आपल्याकडे आता नवी राहिलेली नाही. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशा कोणत्याही शहरात शोभेच्या माशांची दोन-चार दुकाने सहज आढळतात. तेथील एखाद्या पेटीच्या तळाशी, वाळूत तोंड खुपसून फिरणारा दीड-दोन इंचांचा मिशाळ मासा बहुधा दिसतोच. दुकानदार त्याला ‘कोरी’ म्हणतो आणि गिऱ्हाइकास ‘सफाईवाला’ म्हणून एखादाच नग देतो. नाव अपुरे, काम चुकीचे आणि संख्या तर अन्यायाची. या तिन्ही गोष्टींमागे जवळजवळ सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे व तो जाणून घेण्याजोगा आहे.

या माशाचे पूर्ण नाव कोरिडोरास. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०३ साली ते योजिले. ग्रीक भाषेत ‘कोरिस’ म्हणजे शिरस्त्राण आणि ‘डोरास’ म्हणजे कातडे. या माशाच्या अंगावर खवले नसतात. दोन्ही कुशींवर अस्थिपट्टिकांच्या दोन-दोन रांगा कौलांप्रमाणे रचलेल्या असतात. शिवकालीन चिलखताची चित्रे पाहिलेल्या वाचकास ही रचना चटकन ध्यानात येईल. मार्जारमीनांच्या मोठ्या परिवारातील हे एक लहानसे घराणे असून त्याचे मूळ वसतिस्थान दक्षिण अमेरिकेतील नद्या व ओढे हे होय.

पुढे घरोघरी पोहोचलेल्या ठिपकेदार कोरिडोरासची गाठ एका थोर पुरुषाशी पडली. ‘बीगल’ जहाजावरील १८३१ ते १८३६ या प्रवासात चार्ल्स डार्विन यांनी जे मासे जमविले, त्यांत हा एक होता. त्या संग्रहाचे वर्णन करण्याचे काम रेव्हरंड लेनर्ड जेनिन्स यांच्याकडे आले आणि १८४२ साली त्यांनी या माशास ‘पालेआटस’ हे जातिनाम दिले. गंमत अशी की, त्या जहाजावर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून जाण्याविषयी आधी जेनिन्स यांनाच विचारणा झाली होती. आपल्या धर्मक्षेत्राची जबाबदारी सोडणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. प्रवास डार्विन यांनी केला. मासा मात्र जेनिन्स यांच्या मेजावर येऊन पोहोचला.

नेमक्या त्याच काळात दख्खनमध्येही असेच काम चालले होते, याचा आपल्याला सहसा विसर पडतो. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांची वर्णने १८३९ साली प्रसिद्ध केली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील एका मोठ्या मार्जारमीनाला त्यांनी ‘सीनघाला’ असे शास्त्रीय नाव दिले. हा आपला शिंगाळा. खुद्री, पोटील अशी कोळ्यांच्या तोंडची नावेही त्यांनी लॅटिन पंक्तीत आणून बसविली. ‘पालेआटस’ हे नाव विद्वानांच्या भाषेतून आले, तर ‘सीनघाला’ नदीकाठच्या बोलीतून. सरकारी नोकरीत राहून स्थानिक शब्दांचा एवढा मान राखणाऱ्या अधिकाऱ्याविषयी प्रस्तुत लेखकास, त्याच पेशातील माणूस म्हणून, विशेष आदर वाटतो.

माशांचे कौतुक आपल्याकडे त्याहूनही जुने आहे. कल्याणीच्या चालुक्य कुळातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य आणि गळ टाकण्याच्या रीती यांचे वर्णन आहे. परंतु तेथे मासा पाहावयाचा तो पाण्याच्या वरून. त्याच्या कुशीला डोळा लावून बसण्याची सोय काचेने केली.

ती सोय युरोपात टप्प्याटप्प्याने झाली. सिसिली बेटावरील मेसिना येथे झान विलप्र-पॉवर या विदुषीने १८३२ च्या सुमारास समुद्री जीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या पेट्या वापरल्या. लंडनमध्ये डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांना बंद काचेत वनस्पती दीर्घकाळ जगतात असे १८२९ साली आढळून आले होते. काचेवरील जकात ब्रिटनने १८४५ साली उठविली आणि काच स्वस्त झाली. त्यानंतर रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एका पेटीत दोन सोनमासे व पाणवनस्पती ठेवून पाणी न बदलता ती टिकते काय, हे पाहिले. वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी आत गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. हा प्रयोग १८५० साली प्रसिद्ध झाला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘अक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला.

माझ्या मते, ‘सफाईवाला’ या कल्पनेचे मूळ वॉरिंग्टन यांच्या त्या गोगलगायींत आहे. पेटीत प्रत्येकाने काही काम केले पाहिजे, आणि तळाशी राहणाऱ्याने तळ झाडला पाहिजे, असा समज तेव्हापासून रुजला. गोगलगायीची ती नेमणूक पुढे कोरिडोरासच्या गळ्यात पडली. वास्तविक हा मासा वाळूतील किडे, अळ्या आणि बारीक जीव वेचून खातो. दुसऱ्या माशांची विष्ठा तो खात नाही आणि काचेवरचे शेवाळही चाटत नाही. वरच्या माशांनी टाकलेल्या उष्ट्यावर सोडून दिलेला कोरिडोरास अर्धपोटी राहतो. तळाशी जाऊन बसणारे खाद्य त्याला स्वतंत्र घालावे लागते.

या माशाला खरा न्याय दिला तो पॅरिसच्या प्येर कार्बोनिये यांनी. चीनमधून आणलेल्या ‘स्वर्गीय’ माशांची वीण त्यांनी १८६९ मध्ये काढली होती. १८७८ साली त्यांनी ठिपकेदार कोरिडोरासचीही वीण बंदिस्त पाण्यात साधली. त्यानंतर लोखंडी चौकट व लांबीच्या पेट्या जाऊन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिलिकोनने सांधलेल्या निव्वळ काचेच्या पेट्या आल्या आणि ही हौस मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, आणि परप्रांतातून मुंबईस जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत त्याची भर पडली.

काचेआडून मनुष्याने पाहिले ते थोडेथोडके नाही. हा मासा मधूनच बाणासारखा वर येऊन हवेचा घोट घेतो व आतड्याच्या मागील भागातून प्राणवायू शोषतो. म्हणून गढूळ, उथळ पाण्यातही तो तग धरतो. कांस्य कोरिडोरासची मादी नराचे रेत तोंडाने घेते व ते आतड्यातून जाऊन, पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांपर्यंत पोहोचते, असे जपानी संशोधकांनी १९९५ साली दाखविले. हे मासे एकमेकांना अंगाने हलकेच ढोसतात व त्या स्पर्शाने जमावाची हालचाल जुळवितात, असे अलीकडे केंब्रिज विद्यापीठातील अभ्यासकांना आढळले आहे. म्हणजे सोबत ही या माशाची चैन नव्हे. ते त्याचे परस्परांशी बोलणे आहे. एकट्या कोरिडोराससमोर भाषा आहे, पण श्रोता नाही. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांना याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा पाळावयाचे तर एकाच जातीचे किमान सहा पाळावेत. दोन फूट लांब, एक फूट रुंद व तितकीच उंच पेटी लहान जातींना पुरते. तळाशी टोकदार खडी घालू नये. तिने मिशा झिजतात. बारीक, धुतलेली वाळू उत्तम. परांचे काटे जाळीत अडकतात, म्हणून मासा हलविताना भांड्याने उचलावा. ग्वाल्हेर वा हैदराबादच्या उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो. मासे वारंवार वर येऊ लागले तर हवेचा पंप वाढवावा व पेटी उन्हापासून दूर ठेवावी. हौस संपली म्हणून मासे तळ्यात वा नदीत सोडू नयेत, हे तर निक्षून सांगितले पाहिजे. याच खंडातून आलेला, ‘सकर’ नावाने विकला जाणारा मोठा चिलखती मासा असाच सोडला जाऊन भारतातील अनेक जलाशयांत माजला आहे आणि कोळ्यांची जाळी फाडीत आहे. ज्या पाण्यात शिंगाळा राहतो, तेथे त्याचाच हक्क पहिला.

नावाची कथा मात्र अजून संपलेली नाही. या गटातील दीडशेहून अधिक जाती एकाच ‘कोरिडोरास’ या नावाखाली नांदत होत्या. २०२४ साली झालेल्या शास्त्रीय पुनर्रचनेत त्यांची वेगवेगळ्या प्रजातींत वाटणी झाली. डार्विन यांचा मासा आता ‘होप्लिसोमा’त गेला, तर कांस्य मासा ‘ऑस्टिओगास्टर’मध्ये. माशांना याची वार्ता नाही. पेटीतील थोडे पाणी काढून त्यात जरा गार पाणी घातले की त्यांना पाऊस आल्यासारखे वाटते आणि कित्येकदा दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर अंडी चिकटलेली दिसतात. ज्या नदीचा पाऊस त्यांनी कधी पाहिला नाही आणि त्यांच्या पूर्वजांनीही बहुधा कित्येक पिढ्या पाहिला नसेल, तिचा ऋतू ते अजून पाळतात.