थोरांच्या माता आणि आपली वंशावळ

पुत्र थोर झाला की त्याचे चरित्र लिहिले जाते. परंतु ज्या मातेने त्याला घडविले, तिच्या वाट्यास त्या चरित्रातील एखादेच पान येते. ही उणीव इतिहासकारांची आहे, तशीच ती आपल्या घरांचीही आहे.

निरगुडसर व आसपासच्या मंडळींना शिवनेरी परका नाही. तेथे दि. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवरायांचा जन्म झाला. जिजाऊसाहेबांचे थोरपण मात्र केवळ जन्म देण्यात नव्हते. १६६६ मध्ये महाराज आग्र्यास गेले, तेव्हा राज्याचा भार त्यांनी मातोश्रींवरच सोपविला होता. दि. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि अवघ्या ११ दिवसांनी, दि. १७ जून रोजी, त्या माउलीने पाचाड येथे देह ठेविला.

कोणी म्हणेल, त्या सरदारघराण्यातल्या. सामान्य घरातील स्त्रीचे काय? त्याचे उत्तर विठाबाई चव्हाण यांनी दिले आहे. दि. १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे यशवंतरावांचा जन्म झाला. ते लहान असतानाच वडील प्लेगने गेले. घरात शेतीभातीचा मोठा आधार नव्हता. विठाबाईंना अक्षरओळख नव्हती. पण ओव्या रचून त्या मुलांना धीर देत. १९३२ मध्ये शाळकरी यशवंतरावांना स्वातंत्र्यचळवळीत १८ महिन्यांची शिक्षा झाली. मातोश्री तुरुंगात भेटीस गेल्या, तेव्हा शाळेतील एक शिक्षकही बरोबर होते. माफी मागितल्यास सुटका होईल, असे त्यांनी सुचविले. शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता. मुलाचे शिक्षण बुडू नये, हीच त्यांची काळजी. परंतु विठाबाईंनी ती सूचना तेथल्या तेथे नाकारली आणि मुलास प्रकृती जपावयास सांगितले. ही हकीकत यशवंतरावांनी ‘कृष्णाकाठ’ ह्या आत्मचरित्रात आवर्जून नोंदविली आहे. दि. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री झालेल्या पुरुषाला स्वाभिमानाचा पहिला धडा मिळाला, तो निरक्षर मातेकडून. आम्हा शिक्षकांनी हे विसरू नये.

तिसरे उदाहरण विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांचे. त्यांना गीता समजून घ्यावयाची होती. पण संस्कृत येत नव्हते आणि आणून दिलेले मराठी भाषांतरही अवघड वाटले. तेव्हा, तूच का करीत नाहीस, असे त्यांनी मुलाला विचारले. १९१८ मध्ये त्या निवर्तल्या. विनोबांनी ती इच्छा विसरू दिली नाही. १९३०-३१ मध्ये त्यांनी गीतेचे समश्लोकी मराठी रूपांतर केले व त्यास नाव दिले ‘गीताई’. जिच्यासाठी ग्रंथ झाला, ती ऐकावयास नव्हती. परंतु आईपणाची खूण ग्रंथाच्या नावातच राहिली.

ह्या तिन्ही मातांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांच्या पुत्रांनी व इतिहासाने ती जपली. आता आपापल्या घरची वंशावळ काढून पाहावी. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा यांची नावे एकाखाली एक सापडतील. पणजीचे नाव किती घरांत सापडेल? दुष्काळात कण्या शिजवून, रात्री दळण दळून जिने मुले शाळेत धाडली, तिची जागा वंशावळीत कोरीच असते. तिचे माहेर कोणते, हे सांगणारी वृद्ध माणसेही आता थोडीच उरली आहेत. ती गेली की ते नाव कायमचे गेले.

महाराष्ट्र शासनाने दि. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम ठरविला आहे. पुढील पिढीची सोय त्यामुळे झाली. मागील पिढ्यांची नोंद शासन करणार नाही. ती आपणच केली पाहिजे.

म्हणून सर्व सभासद कुटुंबांस नम्र विनंती आहे की, घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून आजी-पणजीची नावे, माहेरची गावे व त्यांनी उपसलेले कष्ट लिहून घ्यावेत. प्रत्येक घरी राष्ट्रनेता जन्मेलच असे नाही. परंतु त्याला घडविण्याची योग्यता असलेली माता प्रत्येक घरी होऊन गेली आहे. तिचे नाव तरी आपल्या हातून पुसले जाऊ नये.