सोळा गोलांचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या हिमायतनगरच्या पेठेत काही जुने व्यापारी अजूनही नवी वही पुजतात. जुन्या वहीतले येणे-देणे तपासायचे, बाकी नव्या पानावर ओढायची, वर ‘श्री’ काढून हळदकुंकू वाहायचे, असा तो रिवाज. शाळामास्तराजवळ असली वही नसते. तथापि २०२२ सालच्या दिवाळीपासून एका हिशेबाची बाकी माझ्या मनात राहून गेली आहे, ती आज वाचकांपुढे मांडावी म्हणतो. हिशेब पैशांचा नाही, गोलांचा आहे. नावे सोळा, जमा शून्य!

त्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा आपल्या देशात भरली होती. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई ही तिची तीन ठिकाणे. खेळणारे देश सोळा. यजमान म्हणून भारताच्या मुलींना तीत आपोआप स्थान मिळाले. खरे म्हणजे ही स्पर्धा येथे २०२० सालीच व्हायची. करोनाच्या साथीने ती आधी लांबली, मग रद्द झाली, आणि २०२२ चा मान भारताकडे आला. त्यातही ऑगस्टात विघ्न उभे राहिले. आपल्या फुटबॉल महासंघाच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप झाला असे म्हणून फिफा ह्या जागतिक संस्थेने भारताला निलंबित केले. लग्न दोन महिन्यांवर आले असताना मांडवाची परवानगीच रद्द व्हावी, तशी गत! दहा-बारा दिवसांत निलंबन उठले, आणि ११ ऑक्टोबरच्या रात्री आठ वाजता भुवनेश्वरच्या कलिंग मैदानावर आपल्या मुली अमेरिकेसमोर उभ्या राहिल्या.

आमच्याकडे तेव्हा सुगीची धांदल होती. सोयाबीन निघालेले, जो तो आपल्या राशीपाशी. शेजारच्या चार-पाच मुली मात्र सामना पाहायला आमच्या ओसरीवर आल्या होत्या. मध्यंतरापर्यंत पाच गोल चढले. सामना संपला तेव्हा आठ झाले होते. आठवा गोल केला तो अमेरिकेच्या कर्णधार मुलीने, आणि तिचे नाव मिया भूता. म्हणजे मूळ भारतीय वंशाचीच! माझ्या ओसरीवरच्या मुली हे ऐकून एकमेकींकडे पाहत राहिल्या.

१४ तारखेला गाठ मोरोक्कोशी होती. मध्यंतरापर्यंत आपल्या मुलींनी एकही गोल होऊ दिला नाही. उत्तरार्धात मात्र तीन झाले. १७ तारखेला ब्राझीलने पाच केले. आठ, तीन आणि पाच मिळून सोळा. आपला एकही नाही. स्पर्धा पुढे चालू राहिली, आणि ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर स्पेनने कोलंबियाला एका गोलाने हरवून चषक नेला. तोवर आपल्याकडे दिवाळी सरली होती, आणि आपल्या मुलींना लोक विसरलेही होते.

शाळेत मुलांनी थट्टा केली, ती करणारच. ‘‘आठ-शून्य!’’ असे ओरडून ती मुलींना चिडवीत. नववीतली एक मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, ‘‘हारल्या तर हारल्या. त्यांना खेळायला ग्राउंड तर भेटलं की!’’

त्या वाक्याने मी हा हिशेब उलट्या बाजूने तपासू लागलो.

आधी ह्या मुली कोण, ते पाहू. संघाची कर्णधार अस्तम उराँव ही झारखंडातल्या गुमला जिल्ह्याच्या एका खेड्यातली. ती कर्णधार झाली तेव्हा तिच्या गावापर्यंत धड रस्ताही नव्हता. सरकारने तिच्या नावाने रस्ता करायला घेतला, आणि त्याच रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील रोजंदारीने राबत होते, हे तेव्हा वृत्तपत्रांत छापून आले. एकवीस जणींच्या त्या संघात झारखंडच्या सहा मुली होत्या, कित्येक मणिपूरच्या होत्या. आपल्या पुण्याची काजोल डिसूझाही तीत होती. शहरातली सुखवस्तू घरे मुलीला फुटबॉल देत नाहीत. तो दिला तो डोंगरातल्या नि रानातल्या घरांनी. आणि समोर कोण? जिथे मुली चालायला लागल्या की चेंडूमागे धावू लागतात, असा अमेरिकेसारखा देश!

परंतु ह्या खेळात बायकांचे मैदान इंग्लंडातही एकदा काढून घेतले गेले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. पहिल्या महायुद्धात इंग्लंडातले पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बाया कामाला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या फुटबॉल खेळू लागल्या. प्रेस्टन गावच्या ‘डिक, कर’ ह्या कारखान्यातल्या बायांचा संघ तर इतका गाजला, की १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला ५३ हजार लोक लोटले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला, की हा खेळ स्त्रियांना शोभणारा नाही, सबब कोणत्याही क्लबाने आपले मैदान त्यांना देऊ नये. बायांना खेळू नका असे कुणी म्हटले नाही बरे का! फक्त मैदान काढून घेतले. ती बंदी उठायला पन्नास वर्षे लागली. बायकांचा पहिला जागतिक चषक चीनमध्ये झाला तो १९९१ साली, आणि सतरा वर्षांखालील मुलींचा २००८ साली, न्यूझीलंडात. पुरुषांचा मात्र १९३० पासून चालू आहे.

आपल्याकडे असा लेखी ठराव करण्याची गरजच पडली नाही. आमचा मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि ते हैदराबाद त्या काळी फुटबॉलचे माहेरघर. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वेळा जिंकला. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर! त्यांच्याच हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ सालची आशियाई सुवर्णपदके मिळवली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकात चौथा क्रमांक पटकावला. एक मास्तर काय करू शकतो, ह्याचा मला ह्या गोष्टीने फार अभिमान वाटतो. पण त्या सुवर्णकाळात राष्ट्राच्या संघात मुलीचे नाव शोधू गेलो, तर पान कोरे आहे.

मुलींचा खाते-उतारा सुरू होतो १९७५ साली, महिला फुटबॉल संघटना निघाली तेव्हा. आणि सुरुवात काही लाजिरवाणी नव्हती. १९८० च्या आरंभी कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुली उपविजेत्या ठरल्या. १९८३ साली बँकॉकला पुन्हा उपविजेत्या. बंगालच्या शांती मलिकला १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉल खेळणाऱ्या बाईला तो प्रथमच मिळत होता. चीन आणि जपान ह्या खेळात पुढे निघाले ते त्यानंतर. त्यांनी मैदाने बांधली, शाळांतून संघ उभे केले. आपण काय केले? मध्ये एक काळ असा आला, की सामनेच न खेळल्यामुळे जगाच्या क्रमवारीतून भारताच्या महिला संघाचे नाव गळाले. स्त्रियांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू व्हायला २०१७ चा जानेवारी उजाडावा लागला. म्हणजे भुवनेश्वरला उतरलेल्या त्या मुलींच्या नावावर जे सोळा गोल पडले, त्यांतले बरेचसे कर्ज त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी, आपण साऱ्यांनी, करून ठेवलेले होते. फेडायला मात्र उभ्या राहिल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी.

हे वयही विसरता येत नाही. तुळशीचे लग्न लागले, की आमच्या भागात लग्नसराई सुरू होते. कायदा अठराचा आहे, तरी सतरा वर्षांखालच्या कित्येक मुलींना तेव्हा स्थळे येऊ लागतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरते, आणि एखाद्या बाकावरची जागा मोकळी दिसते. हजेरी घेताना मास्तर ते नाव एकदा हाकारतो, दुसऱ्यांदा हाकारीत नाही. ज्या वयात अस्तमच्या दंडाला देशाच्या कर्णधाराची पट्टी बांधली गेली, त्या वयात इकडे मुलीच्या हाताला हळद लागते. मुलगी रोज मैदानावर दिसत असली, तर घरच्यांनाही तिच्याकडे पाहताना वेगळे काही दिसू लागते, असा माझा अनुभव आहे.

अनुभव म्हणतो, कारण त्या नववीतल्या मुलीच्या वाक्यानंतर मी स्वतःचे खाते तपासले. आमच्या मैदानावर सुट्टीत मुले खेळत आणि मुली भिंतीच्या कडेने बसत. हे मी कित्येक वर्षे पाहत होतो. ‘मुली खेळतच नाहीत’ असे खुशाल म्हणतही होतो. चेंडू माझ्याच कपाटात, किल्ली माझ्याच खिशात! ठराव न करता मीही १९२१ सालची ती बंदी चालवीत होतो. त्या दिवाळीनंतर शनिवारचा शेवटचा तास मैदान मुलींचे, असे ठरवले. पहिल्या शनिवारी सहा जणी आल्या. मुले भिंतीच्या कडेने बसून हसली. पुढच्या महिन्यात हसायची थांबली. एका मुलीचे वडील विचारायला आले, ‘‘सर, ह्याच्यानं पोरीला काय भेटणार?’’ मी म्हणालो, ‘‘भाऊ, सध्या तरी शनिवार भेटेल.’’ ते हसले नि गेले. मुलगी पुढच्या शनिवारी आली.

आता जमेची बाजू. २०२५ च्या ऑगस्टात वीस वर्षांखालील मुलींनी म्यानमारला त्यांच्याच देशात एका गोलाने हरवून आशियाई चषकात स्थान मिळवले. आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ब्राझीलकडून हरलेल्या त्या दिवसाला बरोबर तीन वर्षे झाली असता, सतरा वर्षांखालील मुली किर्गिझस्तानातल्या बिश्केक शहरी उझबेकिस्तानशी खेळल्या. आधी एक गोल आपल्यावर चढला होता. उत्तरार्धात थंडामोनी बास्के आणि अनुष्का कुमारी ह्यांनी एकेक गोल करून सामना दोन-एकने जिंकला, आणि आशियाई चषकाचे दार उघडले. ह्या वेळी यजमान म्हणून मिळालेला पाट नव्हता. पात्रता फेरी जिंकून मिळवलेली जागा होती.

तो दिवस वसुबारसेचा होता. आमच्या गल्लीत गाय-वासरांची पूजा चाललेली. निकाल कळल्यावर मी चपला घातल्या आणि त्या जुन्या नववीतल्या मुलीच्या घरी सांगायला गेलो. ती आता बारावीत आहे. लग्नाचा विषय घरच्यांनी तूर्त मागे ठेवला आहे. दारात तिची धाकटी बहीण रांगोळी काढीत बसली होती. बातमी ऐकून ती ठिपके अर्धेच टाकून उठली आणि विचारू लागली, ‘‘सर, सुट्टीत ग्राउंडची किल्ली कोणापाशी असते?’’

किल्ली मी तिच्या हातावर ठेवली.