जिंकणाराच साक्षीदार असेल तर? सीझरचं गॉल युद्ध वाचताना

समजा, तुमच्या विषयावर एकच मोठं समकालीन साधन उपलब्ध आहे. ते लिहिणारा माणूस स्वतः घटनास्थळी हजर होता. भाषा स्वच्छ आहे, तपशील भरपूर आहेत, आकडेसुद्धा दिले आहेत. अडचण एवढीच, की ज्या युद्धाबद्दल तो लिहितोय ते त्यानेच चालवलं आणि त्यानेच जिंकलं. समोरच्या बाजूने लिहिलेलं एक पानही शिल्लक नाही. अशा वेळी तुम्ही काय कराल?

पीएच.डी.च्या इंटरव्ह्यूमध्ये "तुमची साधनं कोणती?" हा प्रश्न हमखास येतो. बरेच जण यादी म्हणून दाखवतात. पण विचारणाऱ्याला यादी नको असते. ते साधन तुम्ही कसं वाचणार आहात, हे त्याला ऐकायचं असतं. म्हणून आज एक उदाहरण सविस्तर बघू. ज्युलिअस सीझरने इ.स.पू. ५८ ते ५२ या काळातल्या मोहिमांवर लिहिलेले 'गॉल युद्धा'चे सात भाग. (आठवा भाग त्याचा सहकारी ऑलस हिर्टिअस याने नंतर जोडला.) गॉल म्हणजे ढोबळमानाने आजचा फ्रान्स, बेल्जियम आणि आजूबाजूचा थोडा प्रदेश.

आपल्याकडे राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल समकालीन कागदांना जास्त वजन दिलं, हे तुम्ही वाचलेलं असेलच. त्या कसोटीवर सीझर पहिल्या वर्गात पास होतो: समकालीन, प्रत्यक्षदर्शी, स्वतः निर्णय घेणारा. आणि तरीही पुरत नाही. का पुरत नाही, ते समजायला आधी रोममध्ये काय चाललं होतं ते पाहावं लागतं.

आधी रोम, मग गॉल

इ.स.पू. ५९ मध्ये सीझर कॉन्सल झाला. कॉन्सल दोन असत, दुसरा होता बिब्युलस. सीझरच्या जमीनवाटपाच्या कायद्याला त्याने विरोध केला, तर त्याला भर फोरममधून मारहाण करून हाकलण्यात आलं. उरलेलं वर्ष तो घरात बसून "शकुन अशुभ आहेत" असं जाहीर करत राहिला. लोक थट्टेने म्हणू लागले, की यंदाचे दोन कॉन्सल म्हणजे ज्युलिअस आणि सीझर! थट्टा बाजूला ठेवा, पण कायदेशीर पेच खरा होता. त्या वर्षी मंजूर झालेले कायदे वैध की अवैध, हा प्रश्न कायमचा लटकत राहिला. पद सुटलं की सीझरवर खटला होऊ शकत होता. पदावर असेपर्यंत मात्र तो सुरक्षित होता.

त्यात कर्ज. दोनच वर्षांपूर्वी स्पेनला निघताना सावकारांनी त्याला अडवलं, तेव्हा क्राससने ८३० टॅलेंटची हमी घेतली आणि मग त्याची सुटका झाली, असं प्लुटार्क सांगतो. थोडक्यात, या माणसाला लांब मुदतीचं पद, पैसा आणि नाव तिन्ही हवं होतं. पाच वर्षांसाठी प्रांत मिळाले आणि इ.स.पू. ५५ मध्ये पॉम्पी-क्राससने मुदत वाढवून दिली. सुरुवातीला त्याच्या हाताखाली चार लीजन होत्या, शेवटी दहाच्या आसपास.

आता त्या पुस्तकातल्या भागांचे शेवट बघा. दुसऱ्या भागाच्या शेवटी सिनेटने १५ दिवसांचा आभारोत्सव जाहीर केला, चौथ्याच्या शेवटी २० दिवसांचा, सातव्याच्या शेवटी पुन्हा २० दिवसांचा. घटना घडतात गॉलमध्ये, पण हे भाग संपतात रोममध्ये. हे भाग दर वर्षी लिहून पाठवले की शेवटी एकदम, यावर अभ्यासकांत वाद आहे. वाचक कोण, यावर मात्र फारसा वाद नाही. वाचक रोममधला आहे, आणि सीझरला पद राहू द्यावं की नाही हे ठरवणाऱ्यांपैकी आहे. हे लक्षात ठेवून पुढचे चार मुद्दे वाचा.

१. आकडा कुठून आला?

पहिल्या भागात हेल्व्हेटी लोक आपली गावं जाळून स्वित्झर्लंडकडून पश्चिमेला निघतात. सीझर त्यांना अडवतो, हरवतो, परत पाठवतो. त्यांच्या छावणीत ग्रीक लिपीतल्या याद्या सापडल्या असं तो सांगतो आणि पाच जमातींचे आकडे देतो. एकूण ३,६८,०००. त्यात लढू शकणारे ९२,०००. परत गेले १,१०,०००.

पहिली गोष्ट: ९२,००० गुणिले चार करा. बरोबर ३,६८,००० येतात. खऱ्या जनगणनेत लढणारे अगदी काटेकोर एक चतुर्थांश निघतील का? बहुधा एक आकडा दुसऱ्यावरून काढलेला आहे.

दुसरी गोष्ट: प्रत्येकाने तीन महिन्यांचं पीठ बरोबर घ्यायचं ठरलं होतं, हे सीझरच सांगतो. माणशी रोज पाऊण किलो धरा. रोजचे २७६ टन, तीन महिन्यांचे जवळपास २५ हजार टन. एका बैलगाडीत अर्धा टन धरला तर ५० हजार गाड्या. एका गाडीला बैलांसकट दहा मीटर जागा धरली तर एकेरी रांग ५०० किलोमीटरची, म्हणजे साधारण मुंबई ते बेळगाव! चार-चार गाड्या शेजारी-शेजारी चालवल्या तरी सव्वाशे किलोमीटर. जर्मन इतिहासकार हान्स डेलब्र्यूकने अशाच हिशोबाने हा आकडा नाकारला होता. कागद, पेन आणि गुणाकार, यापलीकडे काही लागत नाही. पण हा हिशोब करून बघायची सवय लागते.

तिसरी गोष्ट जरा उलटी आहे. सगळे आकडे सारखे नसतात. इ.स.पू. ५७ मध्ये अटुआटुकी जमातीचं गाव पडलं, तेव्हा तिथली सगळी माणसं एका सौद्यात विकली गेली. विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी आपल्याला आकडा कळवला, तो ५३,००० होता, असं सीझर लिहितो. हाही आकडा फुगवलेला असू शकतो. पण याच्यामागे व्यवहार आहे, मोजण्यात रस असलेले लोक आहेत. म्हणून "सीझरचे आकडे खोटे" असं एक वाक्य लिहून मोकळं होऊ नका. प्रत्येक आकड्याला वेगळं विचारा: तुला कोणी मोजलं, आणि कशासाठी?

२. खुलासा कुठे लांबतो?

इ.स.पू. ५५. उसिपेटीस आणि टेंक्टेरी या दोन जर्मन जमाती ऱ्हाईन ओलांडून आल्या होत्या. बोलणी चालू होती. त्यांच्या ८०० घोडेस्वारांनी सीझरच्या ५,००० घोडेस्वारांवर हल्ला केला आणि ७४ जण मारले, असं सीझर सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांचे नेते माफी मागायला आले. सीझरने त्यांना अटकेत ठेवलं आणि नेत्यांविना राहिलेल्या छावणीवर चाल केली. बायका-मुलं पळायला लागली, तेव्हा त्यांच्या मागावर घोडदळ पाठवलं, हे तो स्वतःच लिहितो. शत्रूची संख्या ४,३०,००० होती आणि रोमनांचा एकही माणूस मेला नाही, असंही लिहितो.

हे प्रकरण वाचताना एक गोष्ट जाणवते. एरवी मोजक्या शब्दांत पुढे सरकणारा लेखक इथे तहाची बोलणी, कोण कधी काय बोललं, आधी कोणी मोडलं, हे सगळं तपशीलवार सांगत बसतो. का? उत्तर प्लुटार्ककडे मिळतं. रोममध्ये केटोने सिनेटमध्ये मागणी केली होती, की तह मोडल्याबद्दल सीझरलाच त्या लोकांच्या ताब्यात द्या. म्हणजे ही पानं एका आरोपाला दिलेलं उत्तर आहेत, फक्त आरोप पुस्तकात कुठेच नोंदवलेला नाही. केटोलाही जर्मनांचा कळवळा होता असं समजू नका, तो सीझरचा कट्टर राजकीय विरोधक होता. पण त्याच्यामुळे आपल्याला एवढं कळतं, की त्या काळातल्या रोमनांनाही या घटनेत काहीतरी खटकू शकत होतं. "तेव्हाचे नियमच तसे होते" हे वाक्य लिहिण्याआधी हे आठवा.

३. दुसरा साक्षीदार कुठे मिळेल?

गॉल लोकांनी लिहिलेलं काही नाही, पण रोमन पत्रं आहेत. सिसेरोचा भाऊ क्विंटस इ.स.पू. ५४ पासून सीझरच्या सैन्यात अधिकारी होता. ब्रिटनच्या मोहिमेबद्दल सिसेरो पत्रात मित्राला कळवतो, की तिथे चांदीचा कणही नाही, गुलामांखेरीज लुटीची आशा नाही. 'गॉल युद्धा'त मोहिमेमागची कारणं वेगळी दिसतात, पत्रात सरळ हिशोब दिसतो. त्याच वर्षीच्या पत्रात सिसेरो लिहितो, की फोरमजवळची जागा घेण्यासाठी सीझरचे मित्र म्हणून आम्ही ६ कोटी सेस्टर्स खर्च केले. आता ते ५३,००० लोक आठवा. गॉलमधला पैसा रोममध्ये कसा पोचत होता, हे दोन्ही साधनं शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

अर्थात सिसेरोही तटस्थ नव्हता. त्याने सीझरकडून कर्ज घेतलं होतं. दुसरा साक्षीदार सापडला म्हणून पहिल्यासाठी वापरलेली तपासणी थांबवायची नसते.

तिसरा साक्षीदार म्हणजे जमीन. इ.स.पू. ५२ मध्ये व्हर्सिंजेटोरिक्सला सीझरने अलेशियाच्या टेकडीवर कोंडलं. तिथे १८६० च्या दशकात तिसऱ्या नेपोलियनने उत्खनन करवलं, आणि १९९० च्या दशकात फ्रेंच-जर्मन पथकाने पुन्हा केलं. दुहेरी वेढ्याचे खंदक खरोखर सापडले. तपशिलात फरक आहेत. पुस्तकातली रचना एकसारखी आणि नीटनेटकी आहे, तर प्रत्यक्षात जागेनुसार बदल केलेले दिसतात. पण वेढा घातला गेला आणि प्रचंड काम झालं, यात शंका उरत नाही. सीझर सगळं रचून सांगत नव्हता, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवं.

४. गप्प कुठे बसतो?

अलेशियातच थांबू. आत धान्य संपत आलं होतं. क्रिटोग्नाटस नावाचा सरदार भाषण करतो: शरण जाऊ नका, वेळ आली तर लढू न शकणाऱ्यांच्या देहांवर जगा, आपल्या पूर्वजांनीही तेच केलं होतं. याच भाषणात तो म्हणतो, की रोमनांना आपल्याला कायमचं गुलाम करायचंय. सीझर त्या सभेत नव्हता. शब्द बहुतांशी त्याचेच असणार. म्हणून गॉल लोक काय बोलले याचा पुरावा म्हणून हे भाषण वापरता येत नाही. मात्र आपल्याबद्दल शत्रू काय म्हणत असेल हे सीझरला पक्कं ठाऊक होतं, याचा पुरावा म्हणून नक्की वापरता येतं.

शेवटी ठरतं, की लढू न शकणाऱ्यांना बाहेर काढायचं. अलेशिया हे मांडुबी जमातीचं गाव. त्यांनीच या सैन्याला आत घेतलं होतं. आता त्यांनाच बायका-मुलांसह बाहेर घालवलं जातं. ते रोमन तटापाशी येतात, रडतात, गुलाम म्हणून घ्या पण खायला द्या म्हणतात. सीझर तटावर पहारे बसवतो आणि त्यांना आत घ्यायला मनाई करतो.

आणि पुढच्या वाक्यात गॉलची मदतीची फौज येऊन पोचते. मांडुबींचं काय झालं, एक शब्द नाही. ते दोन्ही तटांच्या मध्ये मेले, हे आपल्याला सांगतो कॅसिअस डिओ, तब्बल अडीचशेहून जास्त वर्षांनी.

खंदकांची रुंदी-खोली सांगणारा लेखक इथे थांबतो. लाज वाटली म्हणून, की त्याच्या वाचकाला फरक पडत नव्हता म्हणून, हे आपल्याला ठरवता येणार नाही. ते ठरवायचा मोह टाळायचा. आपण एवढंच नोंदवू शकतो, की मोजायची इच्छा आणि क्षमता असलेल्या माणसाने इथे मोजलं नाही.

मग तुमच्या सिनॉप्सिसमध्ये काय लिहाल?

प्लुटार्क म्हणतो, गॉलमध्ये दहा लाख मेले आणि दहा लाख पकडले गेले. हा गोल आकडा अनेक लेखांत तसाच उचललेला दिसतो. तो तुम्हीही उचललात, तर विजेत्याची शेखी तुमच्या शोधनिबंधात सत्य म्हणून शिरते. आणि "आकडे अविश्वसनीय आहेत" म्हणून सोडून दिलात, तर मेलेली माणसंच हिशोबातून गळतात. दोन्हींच्या मधली वाट कष्टाची आहे. कोणत्या घटनेबद्दल काय सांगता येतं आणि किती खात्रीने, हे प्रत्येक वेळी वेगळं लिहावं लागतं.

इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत सिनेटने सीझरला सैन्य सोडायला सांगितलं. त्याने रुबिकॉन ओलांडली आणि प्रजासत्ताकाचं शेवटचं पर्व सुरू झालं. त्या दिवशी त्याच्यामागे चालणारं सैन्य आणि खिशातला पैसा, दोन्ही गॉलमध्ये कमावलेले होते. म्हणून रोमची यादवी आणि गॉलची जिंकणी हे दोन वेगळे चॅप्टर करू नका.

एक छोटा सराव सुचवतो. सातव्या भागाचं ७८ वं प्रकरण काढा, जेमतेम अर्धं पान आहे. कागदाच्या डाव्या बाजूला मजकूर जे सांगतो ते लिहा, उजवीकडे जे सांगत नाही ते लिहा. मग आपल्या विषयातलं सगळ्यात विश्वासू वाटणारं साधन घ्या आणि त्याच्या एका पानावर हेच करा. ते साधन मोडीतलं पत्र असो, गॅझेटिअर असो की एखाद्या अधिकाऱ्याची डायरी. उजवी बाजू रिकामी राहिली, तर ते पान अजून एकदा वाचा.