न आलेली पोच : लघुसंदेश सेवेतील वितरण-अहवालाचा इतिहास

प्रस्तावना :
संदेश पाठविणे आणि तो पोहोचल्याची खात्री मिळणे या दोन भिन्न घटना आहेत. पोच आलीच नाही तर काय समजावे, या प्रश्नाचा मोबाइलवरील लघुसंदेशांच्या (एसएमएस) संदर्भात प्रस्तुत लेखात मागोवा घेतला आहे.

कायद्याची दोन उत्तरे :
जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७ च्या कलम २७ नुसार योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून रजिस्टर पोस्टाने पाठविलेला दस्तऐवज, उलट सिद्ध होईपर्यंत, पोहोचला असे गृहीत धरले जाते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १२ मध्ये याच्या उलट भूमिका आढळते. पोच मिळाल्यावरच संदेश बंधनकारक होईल, अशी अट पाठविणाऱ्याने घातली असेल आणि पोच आली नाही, तर तो संदेश पाठविलाच नाही असे मानले जाते.

तंत्रज्ञानाची भूमिका :
३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ यांनी संगणकावरून पहिला लघुसंदेश पाठविला. तो ज्या फोनवर पोहोचला, त्यावरून उत्तर पाठविण्याची सोय नव्हती. जीएसएम पद्धतीत संदेश प्रथम संदेश-केंद्रात साठविला जातो. फोन बंद असल्यास केंद्र मुदत संपेपर्यंत पुन्हा प्रयत्न करते. ही मुदत कमाल ६३ आठवड्यांची ठेवता येते. वितरण-अहवाल मात्र स्वतंत्रपणे मागवावा लागतो. तो परतीच्या वाटेवर निघालेला दुसरा संदेशच असल्याने तोही हरवू शकतो.

बँका व संस्था ज्या गेटवेमार्फत संदेश पाठवितात, तेथे आयर्लंडमधील अ‍ॅल्डिस्कॉन कंपनीत जन्मलेली एसएमपीपी ही संकेतप्रणाली रुळली. तिच्या ३.४ या आवृत्तीने (१९९९) अहवालाच्या मजकुराचा नमुना संदेश-केंद्रांवर सोपविला. परिणामी काही केंद्रे संदेश-क्रमांक स्वीकृतीच्या वेळी षोडशमान पद्धतीने, तर अहवालात दशमान पद्धतीने देऊ लागली. अशा वेळी अहवाल येतो, पण जुळत नाही. नोंदवहीत तो ‘न आलेला’च राहतो. देवनागरीत ही अडचण वाढते. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरीत ७० च चिन्हे, तीही काना-मात्रा धरून. त्यामुळे मराठी मजकुराचे अधिक तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचा अहवाल वेगळा येतो.

न पोहोचलेल्या संदेशाची किंमत ८ मार्च २०२१ रोजी दिसून आली. व्यावसायिक संदेश नोंदणीकृत नमुन्यांशी ताडून पाहण्याची व्यवस्था भारतात लागू होताच बँकांचे ओटीपी अडकले. दुसऱ्याच दिवशी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ती व्यवस्था सात दिवसांसाठी स्थगित केली.

समारोप :
कायद्याला ‘पोहोचला’ किंवा ‘पाठविलाच नाही’ यांपैकी एक निवडावे लागते. एसएमपीपीने मात्र ‘अज्ञात’ अशी तिसरी स्थिती मान्य केली आहे. अहवाल न आल्यास गेटवेने हीच नोंद करावी, केंद्राकडे पुन्हा विचारणा करावी आणि संदेशाचे स्वरूप पाहूनच तो पुन्हा पाठवावा. अन्यथा एकाच देयकाची सूचना ग्राहकाला दोनदा जाते, किंवा न मिळालेल्या सूचनेची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडते.